आधी दोरी, मग अक्षरे: बडोद्याच्या आमच्या माईंची आठवण

लेखन: लकडीपूल

गेल्या महिन्यात आमच्या आजी, घरात सर्वांच्या माई आणि शाळेत सर्वांच्या बाई, वयाच्या ९६व्या वर्षी बडोद्यात राहत्या घरी गेल्या. दिवसकार्य आटोपले, पाहुणे परतले आणि त्यानंतर त्यांच्या कपाटातील वह्या काढून बसलो असताना हा धागा लिहावा असे वाटले. इथे बडोद्याचे आणि बडोद्यात राहून गेलेले बरेच वाचक आहेत. त्यांच्यापैकी कुणी माईंच्या हाताखाली शिकले असेल तर त्यांनी जरूर लिहावे, अशी विनंती आहे.

माईंचा जन्म १९२९ सालचा, म्हणजे बडोदा संस्थान होते आणि सयाजीराव महाराज गादीवर होते त्या काळातला. त्यांचे वडील संस्थानच्या कचेरीत कारकून होते आणि आई चौथीपर्यंत शिकलेली होती. त्या आईच्या शिक्षणाची हकीकत माई अनेकदा सांगत. सयाजीरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. मुलाला किंवा मुलीला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. माईंच्या आजोबांना मुलीला शाळेत घालायचे नव्हते, पण दंडाची नोटीस दारात आली तेव्हा त्यांनी चिडून मुलीचा हात धरला आणि तिला शाळेत नेऊन बसवले. ‘माझ्या आईला महाराजांनी दंड लावून शिकवलं,’ असे माई म्हणत, आणि हे सांगताना त्यांचा आवाज नेहमी थोडा चढत असे.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज मुंबईत निवर्तले तेव्हा माई दहा वर्षांच्या होत्या. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही आणि वडील ओसरीवर नुसते बसून राहिले, एवढेच त्यांना आठवत असे.

माई सातवीची फायनल उत्तीर्ण झाल्या आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन दांडिया बाजारातील आमच्या घरात आल्या. आजोबा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात होते. आजोबांची आई रत्नागिरीकडची होती आणि तिला सही करता येत नव्हती. लग्नानंतर माईंनी पीटीसी, म्हणजे प्राथमिक शिक्षकांचा प्रशिक्षणक्रम, करण्याची इच्छा बोलून दाखवली तेव्हा सर्वात आधी होकार दिला तो याच निरक्षर सासूने. दोन लहान मुलांना तिने सांभाळले आणि माई शिकून आल्या. मोबदला म्हणून माईंनी पन्नाशीला पोहोचलेल्या सासूला वाचायला शिकवले. ती आमची पणजी पुढे रोज दुपारी चष्मा लावून पोथी वाचत असे आणि अडलेल्या शब्दावर बोट ठेवून सून शाळेतून परत येईपर्यंत थांबत असे.

माईंची नोकरी १९५० साली सुरू झाली आणि १९८७ साली संपली. ही ३७ वर्षे त्यांनी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत काढली आणि त्यांतील बहुतेक काळ पहिलीचा वर्ग मागून घेतला. वरचे वर्ग देऊ केले तरी त्या नको म्हणत. पहिलीत बिघडलेले पुढे कुणी दुरुस्त करत नाही, पुढचा प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवतो, असे त्यांचे म्हणणे होते.

१९६१ साली आजोबा अचानक गेले. पदरात चार मुले, सासू आणि शिकत असलेला धाकटा दीर होता. त्या वर्षाबद्दल माई फारशा बोलत नसत, म्हणून मीही लिहीत नाही. दिराचे शिक्षण पूर्ण झाले, चारही मुले पदवीधर झाली आणि घरातून एकही दागिना सावकाराकडे गेला नाही, ही हिशेबाच्या वह्यांतून कळणारी गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. घरातील प्रत्येक मोठा निर्णय, मग ते लग्न असो, घराची डागडुजी असो किंवा कुणाची परदेशी जाण्याची तयारी असो, माईंच्या झोपाळ्यापाशी बसून होत असे. त्या बहुतेक वेळ ऐकत राहत आणि शेवटी एखादा प्रश्न विचारत. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता निर्णय आपोआप होत असे.

आता त्यांच्या शिकवण्याबद्दल सांगतो, कारण धाग्याला दिलेले शीर्षक तिथून आले आहे. बडोद्यातील मुलाच्या डोळ्यांसमोर दिवसभर गुजराती पाट्या असतात. दुकानाचे नाव, बसची पाटी, किराणा मालाच्या पुडीचा कागद, सारे गुजरातीत असते आणि गुजराती लिपीला शिरोरेखा नसते. त्यामुळे आमच्याकडची मुले मराठी लिहू लागली की अक्षरे बोडकी काढतात, किंवा रेघ आठवलीच तर प्रत्येक अक्षरावर वेगळा तुकडा ठेवतात आणि शब्द सुटे सुटे दिसू लागतात. माईंनी वडिलांकडून मोडी शिकून घेतली होती. मोडी लिहिणारा आधी पानावर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. माईंनी हीच रीत पहिलीच्या पाटीवर आणली. ‘आधी दोरी बांधा, मग अक्षरं वाळत घाला,’ असे त्या सांगत. मूल पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत श्वास रोखून रेघ ओढत असे आणि मग तिला एकेक अक्षर टांगत असे.

मला हे सारे त्यांच्या शाळेत पाहायला मिळाले नाही, कारण मी त्यांच्या शाळेत नव्हतो. मला ते घरच्या ओट्यावर मिळाले. निवृत्तीनंतरही तिथे संध्याकाळी पाच-सात मुले पाटी घेऊन बसलेली असत, आणि नव्वदी गाठेपर्यंत माईंनी हे थांबवले नाही.

इथे २०१८ सालचा एक प्रसंग नोंदवून ठेवतो. त्या फेब्रुवारीत बडोद्यात ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याआधीचे बडोद्यातील संमेलन १९३४ सालचे होते आणि त्याला माई पाच वर्षांच्या असताना वडिलांच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांनी आम्ही त्यांना चाकाच्या खुर्चीतून संमेलनात नेले. त्यांनी भाषणे फारशी ऐकली नाहीत. पुस्तकांच्या दालनात मात्र त्या दोन तास रमल्या आणि लहान मुलांची पुस्तके चाळताना प्रत्येकाचा टाइप किती मोठा आहे हे चष्मा वर करून पाहत राहिल्या. परत येताना त्यांनी अकरा पुस्तके घेतली. ती सर्व पहिलीच्या मुलांसाठी होती.

---

प्रतिसाद: खानदेशी पाटी

आपला धागा उघडला आणि ‘आधी दोरी’ हे शब्द दिसताच मी कार्यालयातील खुर्चीवरून उठून बाहेर गेलो. मी बाईंचा १९७४ सालचा विद्यार्थी आहे. बाईंना माझा नमस्कार.

माझे वडील धुळे जिल्ह्यातून बडोद्याला मजुरीसाठी आले. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली होती आणि आजूबाजूला कारखाने वाढत होते, त्यामुळे आमच्या गावाकडची बरीच कुटुंबे त्या सुमारास बडोद्यात आली. आमच्या घरात अहिराणी बोलली जात होती, गल्लीत गुजराती होती आणि मराठी ही मला शाळेत प्रथमच भेटलेली तिसरी भाषा होती. आपल्या दांडिया बाजारातील मुले जे मराठी बोलत ते मला अर्धे कळत असे आणि मी तोंड उघडले की ती हसत असत.

एकदा बाईंनी आईवर एक ओळ लिहायला सांगितली. मी पाटीवर लिहिले, ‘मनी माय भाकरी करस.’ शेजारच्या मुलाने ती ओळ मोठ्याने वाचली आणि वर्ग हसला. बाई माझ्या पाटीजवळ आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी माझ्या ओळीखाली दुसरी दोरी ओढून लिहिले, ‘माझी आई भाकरी करते.’ माझी ओळ त्यांनी पुसली नाही. नंतर त्यांनी वर्गाला सांगितले की या मुलाला एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते आणि तुम्हाला एकाच तऱ्हेने येते. वरची ओळ घरात आईला वाचून दाखवायची आणि खालची परीक्षेत लिहायची, असे त्या मला म्हणाल्या. मी पाटी पुसू न देता घरी नेली आणि आईला वरची ओळ वाचून दाखवली. माझ्या आईला अक्षर येत नव्हते. तिने त्या ओळीवरून बोट फिरवले तेव्हा ‘माय’ हा शब्द थोडा पुसला गेला होता, तो मला आजही तसाच दिसतो.

आज मी पुण्यात अभियंता आहे आणि माझ्या घरात अहिराणी अजून बोलली जाते.

---

प्रतिसाद: मालवणचा प्रवासी

लेख मनाला भिडला. एक शंका विचारतो, तिचा राग मानू नये. बाईंनी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवले, मात्र आपण स्वतः त्यांच्या शाळेत नव्हतो असे आपण लिहिले आहे. मग त्यांच्या स्वतःच्या घरातील मुले कोणत्या माध्यमात शिकली?

---

प्रतिसाद: लकडीपूल

राग मानण्याचे काही कारण नाही. हा प्रश्न माईंना त्यांच्या हयातीत अनेकांनी विचारला आहे आणि तो टाळणे बरोबर होणार नाही.

माईंची चारही मुले मराठी शाळेत शिकली. त्यांपैकी माझे वडील तर त्यांच्याच वर्गात होते आणि ‘आई’ म्हणून हाक मारल्याबद्दल त्यांना एकदा वर्गाबाहेर उभे राहावे लागले होते. आम्ही सात नातवंडे मात्र इंग्रजी माध्यमात गेलो. हा निर्णय आमच्या आईवडिलांनी घेतला. माईंचे मत वेगळे होते. त्या एकदाच बोलल्या, आणि तो निर्णय झाल्यानंतर त्यांनी त्याबद्दल कधी टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला त्यांनी आम्हाला उठवायला सुरुवात केली. दूध पिऊन झाले की झोपाळ्यासमोर पाट्या घेऊन बसायचे, दोरी ओढायची, दहा ओळी लिहायच्या आणि मग पावकी, निमकी, पाऊणकी म्हणायची. हे दहावीपर्यंत चालले. आज मी हा धागा लिहू शकतो तो त्या पहाटेंमुळे.

तरीही, माई दर जूनमध्ये घरोघर जाऊन लोकांना मराठी शाळेसाठी विनवत असताना त्यांच्याच घरातील मुले दुसऱ्या शाळेच्या गाडीत बसत होती, याचे त्यांना किती दुःख झाले असेल हे मला उशिरा कळले. मी त्यांना ते विचारायला हवे होते. मी विचारले नाही.

---

प्रतिसाद: सुरसागरकाठ

बाईंच्या घरोघरच्या फेऱ्यांचा उल्लेख निघाला आहे म्हणून लिहिते. मी त्यांच्या हाताखाली १९७९ ते १९८७ या काळात शिक्षिका होते आणि त्या फेऱ्यांत त्यांच्यासोबत असे.

जून उजाडला की शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधीपासून बाई डोक्यावर पदर घेऊन, पिशवीत कोऱ्या पाट्या ठेवून निघत. नवापुरा, बाबाजीपुरा, प्रतापनगर आणि पुढे शहराबाहेर वाढलेल्या मजूर वस्त्या हा त्यांचा रस्ता ठरलेला होता. पट भरला नाही तर तुकडी बंद होते आणि शिक्षक दुसरीकडे जातो, ही भीती आम्हा सर्वांना होती, पण बाईंना पटाच्या आकड्यापेक्षा सहा वर्षांचे मूल दारात नुसते बसलेले दिसण्याचा त्रास अधिक होत असे. एखाद्या घरात गुजराती शाळा जवळची आणि सोयीची असेल तर त्या स्वतः सांगत की तिथे घाला, पण घाला. मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते म्हणून येणार नाही असे कळले, तर त्या धाकट्यालाही बरोबर पाठवायला सांगत. त्यामुळे आमच्या पहिलीच्या वर्गात कोपऱ्यात एक गोधडी कायम अंथरलेली असे.

त्यांच्या दोरीच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते की आधी अक्षर पूर्ण काढावे आणि मग त्यावर शिरोरेखा द्यावी. मी नवी असताना बाईंशी यावरून वाद घातला. रेघ आधी काढली तर ‘भ’ आणि ‘ध’ यांचे काय करणार, असे मी विचारले. ‘म’ आणि ‘भ’ यांत तसेच ‘घ’ आणि ‘ध’ यांत भेद कळतो तो वरची रेघ किती ठिकाणी जोडली आहे यावरूनच. बाईंनी मला उत्तर दिले नाही. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर बसवले आणि फळ्यावर दोरी ओढून ‘म’ला ‘भ’चे वळण दिले. मग पाण्याच्या वाटीत बोटाचे टोक बुडवून त्यांनी दोरीचा तेवढाच तुकडा पुसून टाकला. ‘इथे दोरी तुटली, आता हा भटजी झाला,’ असे त्या म्हणाल्या. मग चाळीस मुलांनी चाळीस बोटे ओली करून आपापली दोरी तोडली. जे अक्षर मुले पुढे वर्षानुवर्षे चुकवतात ते त्या वर्गाने त्या एका तासात कायमचे लक्षात ठेवले. मी नंतर माझ्या संपूर्ण नोकरीत हीच पद्धत वापरली.

ताराबाई मोडक यांच्याबद्दल बाईंना फार आदर होता. मराठी घरातील एक बाई भावनगरला जाते, गिजुभाई बधेकांसोबत दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करते आणि पुढे बोर्डी व कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा अंगणात नेते, हे त्या नव्या शिक्षिकांना आवर्जून सांगत. मुलाला शाळेत ओढून आणता येते, पण त्याला तिथे थांबवायचे असेल तर शाळेने त्याच्या घरासारखे दिसले पाहिजे, हे त्यांनी ताराबाईंच्या कामातून घेतले होते. ती कोपऱ्यातील गोधडी तिथूनच आली होती.

---

प्रतिसाद: मांडवीकर

सक्तीच्या शिक्षणाचा उल्लेख आला म्हणून थोडी भर घालतो. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा हे हिंदुस्थानात शक्य आहे याचा दाखला म्हणून बडोद्याचे उदाहरण समोर होते. ते विधेयक संमत झाले नाही. म्हणजे माईंच्या आई नोटिशीमुळे शाळेत बसल्या तेव्हा ब्रिटिश मुलखातील त्यांच्या वयाच्या मुलीसाठी तसा कोणताही कायदा नव्हता. त्याच पिढीतील रत्नागिरीची सासू निरक्षर राहिली आणि बडोद्याची आई वाचू लागली, हा फरक आपल्या एकाच घरात दिसतो.

शाळेत शिकलेले विसरू नये म्हणून ग्रंथालये हवीत, हेही सयाजीरावांनी ओळखले होते. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून त्यांनी संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवली आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभे आहे. बाई तिथे मुलांना नेत असत का?

---

प्रतिसाद: लकडीपूल

होय, दरवर्षी नेत असत आणि नंतर आम्हा नातवंडांनाही नेले. त्या ग्रंथालयाच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे आणि वरच्या मजल्यावर कुणी चालले की खालून त्याच्या पावलांच्या सावल्या दिसतात. माझी चुलत बहीण पहिल्यांदा त्या काचेवर पाय ठेवायला घाबरली तेव्हा माईंनी आपल्या चपला काढल्या, तिलाही काढायला लावल्या आणि दोघी अनवाणी चालत मराठी पुस्तकांच्या कपाटापर्यंत गेल्या. सक्तीचा कायदा आणि ग्रंथालय यांचा संबंध आपण लिहिला तसा माईंनी कधी मांडला नव्हता, पण पाटीवरून पुस्तकावर गेल्याशिवाय वर्ष संपत नाही, असे त्या म्हणत.

---

प्रतिसाद: पोळेतली सून

मी धागालेखकाची धाकटी काकू. माझे माहेर घडियाळी पोळेतील (पोळ म्हणजे जुन्या शहरातील गल्ली) गुजराती कुटुंबातले आहे. १९८४ साली आमचे लग्न ठरले तेव्हा दोन्ही घरांत थोडी नाराजी होती आणि मला सर्वात अधिक भीती सासूबाईंची वाटत होती, कारण मराठीच्या त्या शिक्षिका आहेत आणि मला मराठी येत नाही, हे मला ठाऊक होते.

लग्नानंतर पहिल्या आठवड्यात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला झोपाळ्यावर शेजारी बसवून अस्खलित गुजरातीत सांगितले की या घरात तुझी भाषा कुणी हिरावून घेणार नाही, मात्र तुला कंटाळा नसेल तर मी तुला माझी देईन. पहिला धडा भाजी निवडताना झाला. मी त्यांना म्हटले की वाचता तर मला येते, कारण हिंदी शाळेत होते, फक्त लिहिताना रेघ द्यायची राहून जाते. त्या फार हसल्या आणि माळ्यावरून एक पाटी काढून घेऊन आल्या. पंचविसाव्या वर्षी मी दोरी ओढायला शिकले.

मुले झाली तेव्हा मी त्यांच्याशी मराठीत बोलू लागले, कारण मला वाटले की आईंना ते आवडेल. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘तू त्यांना रागावतेस कुठल्या भाषेत?’ मी सांगितले की गुजरातीत. त्या म्हणाल्या, ‘मग लाडही त्याच भाषेत कर. मराठीचं मी बघते. दोन्ही भाषा पुऱ्या येऊ देत, अर्धी एकही नको.’ माझ्या मुलांना आज दोन्ही भाषा लिहिता-वाचता येतात. माझ्या आईला नातवंडांनी गुजरातीत लिहिलेली पत्रे तिच्या पेटीत सापडली, ती आईंच्या त्या एका प्रश्नामुळे लिहिली गेली होती.

मी बी.एड. केले तेही त्यांच्यामुळेच. परीक्षेच्या काळात त्यांनी मला सहा आठवडे स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नाही. शेजारणी बोलत असत, आणि आई त्यांना सांगत की माझ्या सासूने माझी मुले सांभाळली होती, ते देणे मी आत्ता फेडते आहे. उत्तरायणाच्या दिवशी सारे बडोदे गच्चीवर असते, पण त्या वर्षी मी खोलीत अभ्यास करत होते. आईंनी तिळगुळाची वाटी आणि एक फाटलेला पतंग दाराच्या फटीतून आत सरकवला होता. तो पतंग मी अजून जपून ठेवला आहे.

---

प्रतिसाद: मालवणचा प्रवासी

माझ्या शंकेला इतके मोकळे उत्तर मिळाले याबद्दल आभार. काकूंचा प्रतिसाद घरातील सर्वांना वाचून दाखवला. आपण वह्यांचा उल्लेख सुरुवातीला केला होता. त्या कसल्या वह्या आहेत?

---

प्रतिसाद: लकडीपूल

सर्वांचे मनापासून आभार. काकूने हे सारे कधी बोलून दाखवले नव्हते आणि पतंगाची गोष्ट मलाही आजच कळली.

वह्यांबद्दल लिहायचे राहून गेले होते. माई शाळेच्या हजेरीपटाव्यतिरिक्त स्वतःची एक वही ठेवत असत आणि दरवर्षी नवी करत. त्यात वर्गातील प्रत्येक मुलासाठी अर्धे पान असे. मूल कुठल्या वस्तीतून येते, घरात कोणती भाषा बोलली जाते, डबा आणते की नाही, कोणते अक्षर अडते आणि पहिला शब्द त्याने आपणहून कोणता वाचला, अशा नोंदी त्यांत आहेत. नोकरीच्या ३७ वर्षांच्या वह्या त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या आणि ती पेटी कारेलीबागेतील काकांच्या घरी तळमजल्यावर होती.

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात प्रचंड पाऊस झाला, विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि काकांच्या तळमजल्यात कमरेइतके पाणी दोन दिवस राहिले. पेटी उघडली तेव्हा वह्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. ती पेटी वरच्या मजल्यावर हलवायला मला माईंनी दोन महिने आधी सांगितले होते आणि मी आज-उद्या करत राहिलो होतो. ही माझी चूक आहे आणि ती मी त्यांच्यासमोर कबूल केली होती. नव्वद वर्षांच्या माई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या बांधायला लावल्या, पाने एकेक करून सोडवली आणि आम्ही ती चिमट्यांनी वाळत घातली. नऊ दिवस घरभर पाने लटकत होती. शाईने लिहिलेली मुखपृष्ठे आणि वर्षांचे आकडे बहुतेक वाहून गेले होते, पण आतील नोंदी माईंनी वर्गात उभ्याने शिसपेन्सिलीने केल्या होत्या, त्या राहिल्या. कोणते पान कोणत्या वर्षाचे हे मग त्यांनीच मुलांची नावे वाचून ओळखले आणि मी नव्या कागदावर लिहून घेतले. अठ्ठावीस वह्या पुन्हा जुळल्या. बाकीच्यांची सुटी पाने एका खोक्यात आहेत आणि ती ओळखणारे आता कुणी नाही.

‘खानदेशी पाटी’ यांच्यासाठी मी काल रात्री १९७४ सालची वही काढली. आपले नाव आपण इथे लिहिलेले नाही, पण त्या वर्षी धुळ्याकडून आलेला आणि घरात अहिराणी बोलणारा एकच मुलगा वहीत आहे, म्हणून ते पान आपलेच असावे. त्यात लिहिले आहे: ‘घरी अहिराणी. वर्गात बोलत नाही, पाटीवर बोलतो. रेघ सरळ. भ ची दोरी तोडायला विसरतो.’ आणि त्याखाली, पहिला वाचलेला शब्द या रकान्यात, ‘माय’ असे आहे.

त्या पानाचा फोटो मी आपल्याला व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे. १९६८ आणि १९६९ या दोन वर्षांत पहिलीला असलेले कुणी वाचत असतील तर त्यांनी आपल्या वर्गातील चार-पाच नावे कळवावीत, म्हणजे खोक्यातील ती पाने मला लावता येतील.